विळ्याच्या आकाराची पेशी : रक्ताच्या थेंबावरून रोगाची ओळख

दुर्गहून राजनांदगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने धावतात. येथून जवळच भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. तथापि कारखान्याच्या धुराड्यांपलीकडे दृष्टी टाकली, तर हा मुलूख मुख्यत: भातशेतीचा आहे. पावसाळा सरला आणि भाताची लोंबी पिवळी पडली, की घरोघरचे विळे धार लावून बाहेर निघतात. येथे विळ्याला हँसिया म्हणतात. त्याचा बाकदार आकार या भागातील प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो.

याच आकारावरून नाव पडलेला एक रोगही या मुलखात आहे. तो मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याचा विळा रक्तातील पेशीच्या आकारात असतो आणि तो पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. या रोगास सिकलसेल पांडुरोग असे म्हणतात. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी.

समजा, रसमड्यासारख्या एखाद्या गावातील आठ-नऊ वर्षांचे मूल वारंवार आजारी पडते. त्यास ताप येतो, हातापायांचे सांधे दुखतात, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो, अंगात रक्त नसल्यासारखे ते फिकट पडते. अशा मुलास काय झाले आहे? ताप आणि फिकटपणा हिवतापातही असतो. सांधेदुखी संधिज्वरातही असते. डोळे पिवळे होणे हे तर काविळीचे लक्षण म्हणून सर्वांना ठाऊक आहे. केवळ लक्षणे पाहून निदान करू गेल्यास अनुभवी वैद्यदेखील फसू शकेल. एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगास दिले जाईल, आणि वर्षे निघून जातील. अशा वेळी मुलाच्या बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब जे सांगू शकतो, ते दुसऱ्या कशानेही इतक्या लवकर आणि इतक्या अल्प खर्चात कळत नाही. मात्र त्या थेंबास योग्य प्रश्न विचारता आला पाहिजे.

थेंब काचेवर येतो

रक्ततपासणीसाठी फार मोठी सामग्री लागत नाही. बोटाचे टोक स्पिरिटाने पुसून कोरडे करतात आणि निर्जंतुक सुईने टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात. दुसरा थेंब स्वच्छ काचपट्टीच्या एका टोकाजवळ घेतात. मग दुसऱ्या काचपट्टीची कड तिरपी धरून त्या थेंबास टेकवितात व एकाच संथ हालचालीने पुढे सरकवितात. थेंब काचेवर पसरून त्याचा पातळ थर तयार होतो. यास रक्तलेप म्हणतात. लेप चांगला झाला असेल, तर त्याचे पुढचे टोक जिभेसारखे निमुळते होते आणि तेथे पेशी एकमेकींवर न चढता सुट्या पसरलेल्या असतात. तपासणी करावयाची ती याच भागाची.

लेप हवेत वाळवितात. परंतु वाळलेला लेप तसाच पाहिला तर फारसे काही दिसत नाही, कारण पेशी जवळजवळ रंगहीन व पारदर्शक असतात. त्यांना रंग द्यावा लागतो. हिंदुस्थानात सेवा केलेले लष्करी डॉक्टर विल्यम लीशमन यांनी १९०१ साली प्रसिद्ध केलेले रंजकद्रव्य आजही प्रयोगशाळांतून वापरले जाते. त्यात एक निळा व एक तांबडा अशी दोन प्रकारची रंगद्रव्ये मिथिल अल्कोहोलमध्ये विरघळलेली असतात. अल्कोहोलामुळे पेशी काचेवर घट्ट बसतात. पेशीतील अम्लधर्मी भाग निळे रंगद्रव्य उचलतात आणि अल्कधर्मी भाग तांबडे. त्यामुळे पेशीकेंद्र जांभळे, तांबड्या पेशी गुलाबी, आणि काही पांढऱ्या पेशींतील कण नारिंगी दिसू लागतात. रंग देऊन धुतलेली व वाळलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, तिच्यावर तेलाचा एक थेंब टाकतात आणि शंभरपट मोठे दाखविणारे वस्तुभिंग त्या तेलात बुडवितात. नेत्रभिंग दहापट मोठे करते. दोहोंचा गुणाकार केला, म्हणजे प्रतिमा हजारपट मोठी दिसते.

निरोगी रक्ताचे चित्र

रोग ओळखावयाचा तर आरोग्य कसे दिसते ते प्रथम माहीत असले पाहिजे. निरोगी माणसाच्या रक्तलेपात सर्वांत अधिक संख्येने दिसतात त्या तांबड्या पेशी. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी स्वत: घासून तयार केलेल्या भिंगातून १६७४ साली यांचे वर्णन केले होते. प्रत्येक पेशी वाटोळी, चकतीसारखी आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी खोलगट असते. म्हणून तिची कड गडद व मधला भाग फिकट दिसतो. तिचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सात-आठ भाग इतकाच असतो. एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे पन्नास लाख पेशी असतात. ही पेशी लवचीक असते. स्वत:पेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून पार होते व पलीकडे गेल्यावर पुन्हा वाटोळी होते. तिच्यात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचविणे हे त्याचे काम. अशी पेशी सुमारे १२० दिवस जगते.

तांबड्या पेशींच्या गर्दीत मधून मधून पांढऱ्या पेशी आढळतात. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणत: चार हजार ते अकरा हजार असते. त्यांचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे प्रमाण ठरलेले आहे. पू करणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला, की खंडित केंद्र असलेल्या पेशी वाढतात. पोटात काही जातींचे जंत झाले असता नारिंगी कणांच्या पेशी वाढतात. विषमज्वरात पुष्कळदा एकूण पांढऱ्या पेशी कमी होतात. रक्ताच्या कर्करोगात अपक्व पेशी रक्तात उतरतात. अशा प्रकारे पेशींची केवळ मोजणी व वर्गवारी केली, तरी शरीरात कोणत्या प्रकारचा झगडा चालू आहे याचा अंदाज येतो. १८५८ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी असा विचार मांडला, की रोग म्हणजे अखेर पेशींत घडणारा बिघाड होय. आजचे रोगनिदान पुष्कळ अंशी याच विचारावर उभे आहे.

पेशीत शिरलेला परका

आता त्या आजारी मुलाकडे वळावे. ताप असल्यामुळे पहिली शंका हिवतापाची. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आतच राहतो व तिच्यातील हिमोग्लोबिनावर जगतो. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरान यांनी ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील एका सैनिकाच्या रक्तात तो प्रथम पाहिला. सतरा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तोच परजीवी डासाच्या जठरात आढळला आणि हिवताप डासामार्फत पसरतो हे सिद्ध होण्याची वाट मोकळी झाली. हे दोन्ही शोध सूक्ष्मदर्शकाचेच होत.

हिवतापासाठी एकाच काचपट्टीवर दोन लेप घेण्याची पद्धत आहे. एक जाड आणि एक पातळ. जाड लेपात थोड्या जागेत पुष्कळ रक्त असते, म्हणून परजीवी विरळ असले तरी ते सापडतात. परंतु त्यात तांबड्या पेशी फुटून जातात. पातळ लेपात पेशी शाबूत राहतात आणि परजीवी कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येते. व्हायवॅक्स जातीच्या परजीवीमुळे तांबडी पेशी फुगून मोठी होते. फॅल्सिपॅरम जातीत ती मोठी होत नाही, मात्र तिच्यात अंगठीसारखी नाजूक निळी कडी दिसते. या दोन जातींचा उपचार सारखा नसतो. म्हणून केवळ हिवताप आहे एवढे कळून भागत नाही.

येथे एका गमतीच्या पण महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. फॅल्सिपॅरम हे नावच मुळी विळा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. या परजीवीची एक अवस्था चंद्रकोरीसारखी बाकदार असते. नवशिक्या विद्यार्थ्याने रक्तलेपात एक वाकडी आकृती पाहिली व ती विळ्यासारखी आहे म्हणून सिकलसेल असे लिहून टाकले, तर मोठीच चूक होईल. परजीवीच्या कोरीत रंगद्रव्याचे काळसर कण व स्वतंत्र केंद्र दिसते, आणि तिच्याभोवती पुष्कळदा मूळ पेशीची अस्पष्ट कड उरलेली असते. सिकलसेलमध्ये आत कोणीही परका नसतो. तेथे पेशीच स्वत: वाकडी झालेली असते. आकार सारखा, पण एक रोग संसर्गाचा आणि दुसरा जन्मजात. उपचारही सर्वस्वी निराळे.

थेंब कधी घेतला यालाही महत्त्व आहे. हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिले टिमथी ल्यूइस यांनी १८७२ साली कलकत्त्यास माणसाच्या रक्तात पाहिली. आपल्या देशात आढळणाऱ्या या रोगात ती दिवसा फुप्फुसातील रक्तवाहिन्यांत दडून राहतात व रात्री अंगभरच्या रक्तात उतरतात. म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्री दहानंतर घेतात. दुपारी घेतलेला थेंब कितीही काळजीपूर्वक पाहिला, तरी बहुधा तो निर्दोषच वाटेल. काचपट्टीवर काही दिसले नाही याचा अर्थ रक्तात काही नव्हते असा होत नाही.

शिकागो येथील विद्यार्थी

१९०४ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील शिकागो शहरातील एका रुग्णालयात वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यास आला होता. खोकला, ताप, धाप लागणे, पायावर जुन्या व्रणांचे वण अशी त्याची लक्षणे होती. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयरन्स यांनी त्याचा रक्तलेप पाहिला, तेव्हा वाटोळ्या पेशींमध्ये लांबट, टोकदार, विळ्यासारख्या पेशी विखुरलेल्या दिसल्या. अशा पेशी त्यांनी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी घाई केली नाही. लेप करताना चूक झाली असेल, रंग बिघडला असेल, या सर्व शंका पुन्हा पुन्हा लेप करून त्यांनी दूर केल्या. पुढील काही वर्षे त्या रुग्णावर लक्ष ठेवले, आणि १९१० साली या आकाराचे वर्णन छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. वैद्यकीय वाङ्मयात सिकलसेलचा इतिहास येथून सुरू होतो. रुग्णाला काय झाले आहे हे हेरिक निश्चितपणे सांगू शकले नाहीत. तथापि जे दिसले ते त्यांनी जसेच्या तसे नोंदविले. पुढच्या संशोधकांना तेवढा आधार पुरेसा झाला.

प्राणवायू काढून घेतल्यावर

यानंतर एक कोडे उभे राहिले. १९१७ साली व्हिक्टर एमेल यांनी अशाच एका रुग्णाच्या रक्ताचा ओला थेंब काचपट्टी व पातळ झाकणकाच यांच्यामध्ये बंद करून ठेवला. जसजसा वेळ गेला, तसतशा आरंभी वाटोळ्या असलेल्या पेशीही वाकड्या होऊ लागल्या. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे रुग्णाच्या वडिलांच्या रक्तातही तसेच घडले. वडील तर धडधाकट होते. त्यांच्या पेशींतील दोष साध्या लेपात दिसत नव्हता. बंद थेंबात मात्र तो प्रकट झाला.

या कोड्याचा उलगडा १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी केला. बंद थेंबातील पेशी तेथला प्राणवायू हळूहळू वापरून टाकतात. प्राणवायू संपला, की दोष असलेल्या पेशी वाकतात. पुन्हा प्राणवायू दिला, की बहुतेक पेशी वाटोळ्या होतात. म्हणजे दोष पेशीच्या कवचात नसून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनात असावा, या तर्कास बळकटी आली.

आता तपासणीस चोवीस तास थांबण्याची आवश्यकता उरली नव्हती. १९४८ साली डालंड व कासल यांनी रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळण्याची पद्धत सुचविली. हे द्रव्य प्राणवायू झपाट्याने शोषून घेते. काचपट्टीवर रक्ताचा लहान थेंब घ्यावा, त्यात ताजे द्रावण मिसळावे, झाकणकाच ठेवून तिच्या कडा व्हॅसलीनने बंद कराव्या, आणि अर्ध्या तासाच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, असा हा साधा विधी आहे. निरोगी रक्तातील पेशी वाटोळ्याच राहतात. सिकल हिमोग्लोबिन असलेल्या रक्तात पेशींची टोके लांबू लागतात, कोणी ओटाच्या पानासारखी निमुळती होते, कोणी थेट भात कापण्याच्या विळ्यासारखी.

या तपासणीतही सावधगिरी हवी. द्रावण शिळे असेल तर ते प्राणवायू शोषत नाही, आणि दोषी रक्तही निर्दोष ठरते. रुग्णास नुकतेच दुसऱ्याचे रक्त दिलेले असल्यास त्या परक्या पेशी चित्र बदलून टाकतात. सहा महिन्यांच्या आतील बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुष्कळ प्रमाणात असते व ते पेशीला वाकू देत नाही. म्हणून तान्ह्या मुलाच्या बाबतीत या परीक्षेचा नकार विश्वसनीय मानीत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाची सीमा

आता मूळ प्रश्नाकडे यावे. मेटाबायसल्फाइटच्या परीक्षेत मुलाच्या पेशी वाकल्या. तेव्हा मुलास सिकलसेल पांडुरोग आहे असे म्हणावे काय? नाही. एमेल यांच्या रुग्णाचे धडधाकट वडील येथे पुन्हा आठवले पाहिजेत. त्यांच्याही पेशी वाकल्याच होत्या.

याचे कारण आनुवंशिकतेत आहे. १९४९ साली जेम्स नील आणि बीट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते स्पष्ट केले. हिमोग्लोबिन घडविणारे जनुक प्रत्येकाला आईकडून एक व वडिलांकडून एक असे मिळते. दोहोंपैकी एकच सदोष असेल, तर त्या व्यक्तीस वाहक म्हणतात. वाहकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निर्दोष असते. त्यामुळे शरीरात वाहकाच्या पेशी सहसा वाकत नाहीत आणि तो इतरांसारखेच आयुष्य जगतो. दोन्ही जनुके सदोष असतील, तर मात्र पेशी शरीरातच वाकतात. वाकलेली पेशी ताठ होते, केशवाहिनीत अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात, आणि पलीकडच्या भागास रक्त मिळेनासे होते. हाडांत व सांध्यांत उठणाऱ्या असह्य वेदना या अडथळ्यामुळे होतात. अशा पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून शरीर फिकट पडते, आणि फुटलेल्या पेशींतील रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. काविळीच्या शंकेचे मूळ हेच.

काचेवर प्राणवायू काढून घेतला, की वाहकाच्या पेशीही वाकतात आणि रुग्णाच्याही. रंग दिलेल्या साध्या लेपात रुग्णाच्या काही पेशी वाकलेल्या आढळतात, वाहकाच्या बहुधा नाहीत. दोन्ही परीक्षा एकत्र पाहणाऱ्या कुशल तंत्रज्ञास अंदाज येतो, पण केवळ अंदाजावर कोणाच्या आयुष्याचा निर्णय करणे योग्य नव्हे.

ही अडचण सोडविणारी रीत १९४९ सालीच लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी इटानो, सिंगर व वेल्स यांनी दाखवून दिली. हिमोग्लोबिनाच्या द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडला असता निरोगी हिमोग्लोबिन एका गतीने सरकते आणि सिकल हिमोग्लोबिन निराळ्या गतीने. या पद्धतीस इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. आज प्रयोगशाळांत ओल्या पट्टीवर हीच परीक्षा करतात. निरोगी रक्ताच्या नमुन्यात निरोगी हिमोग्लोबिनाचा पट्टा दिसतो. वाहकाच्या नमुन्यात निरोगी आणि सिकल असे दोन मोठे पट्टे पडतात. रुग्णाच्या नमुन्यात सिकल हिमोग्लोबिनाचाच पट्टा प्रमुख असतो व निरोगी हिमोग्लोबिनाचा पट्टा नसतो. जे सूक्ष्मदर्शकाला सांगता आले नाही, ते येथे स्पष्ट होते. पुढे १९५६ साली व्हर्नन इनग्रॅम यांनी दोषाचे मूळही शोधले. हिमोग्लोबिनाच्या रेणूतील बीटा नावाच्या साखळीत १४६ ॲमिनो अम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू नसताना हे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोरे बनतात, आणि त्या दोऱ्यांच्या ताणाने पेशी वाकते.

मध्य भारतातील शोध

भारतात या पेशींची नोंद १९५२ साली झाली. लेहमन व कटबुश यांनी निलगिरीच्या डोंगरात राहणाऱ्या आदिवासींत ती केली. मध्य भारताचे चित्र १९५८ साली पुढे आले. त्या वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सिकलसेलचा दोष या भागातही आहे हे वैद्यकीय जगास कळले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, नागपूर आणि दुर्ग हे एकाच मध्य प्रांताचे, पुढील मध्य प्रदेशाचे, जिल्हे होते. आज दुर्ग छत्तीसगढात व नागपूर महाराष्ट्रात असले, तरी सिकलसेलला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, तसेच नंदुरबार आणि मेळघाट या भागांतही तो आढळतो. छत्तीसगढच्या रायपूर भागात झालेल्या मोठ्या तपासणीत सुमारे दहा जणांमागे एकाच्या रक्तात हे जनुक सापडले.

हा रोग एखाद्या विशिष्ट जातीचा आहे ही समजूत चुकीची आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि शेती करणारे इतर समाज अशा अनेकांत तो दिसतो. भारताबाहेर आफ्रिका, अरबस्तान व भूमध्य समुद्राच्या काठचे देश येथेही तो आहे. या सर्व प्रदेशांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे हिवताप. रक्तातील असे दोष हिवतापापासून संरक्षण देत असावेत, ही कल्पना १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एका दुसऱ्या रक्तदोषाच्या, थॅलॅसीमियाच्या, संदर्भात मांडली. हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील मुलांची तपासणी करून तसा पुरावा दिला. वाहक मुलांना घातक हिवताप कमी प्रमाणात होतो. म्हणून हिवतापाच्या मुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. आरंभी ज्या दोन रोगांची लक्षणे एकमेकांत मिसळून गेली होती, त्यांचे नाते असे जुने आहे.

निदान झाल्यावर

निदानाने रोग नाहीसा होत नाही, पण मार्ग दिसतो. सिकलसेलच्या मुलास भरपूर पाणी पाजणे, कडक थंडी व अतिश्रम टाळणे, ताप येताच डॉक्टरांकडे नेणे, न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस टोचणे, फॉलिक अम्ल देणे या साध्या गोष्टींनी पुष्कळ संकटे टळतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाचे प्रमाण वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. गरजेनुसार रक्त द्यावे लागते. अस्थिमज्जेच्या रोपणाने काही रुग्ण बरे झाले आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथे जनुकांत दुरुस्ती करणाऱ्या उपचारासही मान्यता मिळाली. तथापि तो फार खर्चिक आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस आरंभ केला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू न देणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

मोठ्या तपासणीत जे लोक सापडतात, त्यांत रुग्णांपेक्षा वाहक कितीतरी पटींनी अधिक असतात. वाहक आणि रुग्ण यांतील भेद येथे केवळ शास्त्राचा राहत नाही. वाहक मुलीस रोगी ठरवून तिचे लग्न मोडणे, वाहक मुलास शाळेतील खेळापासून दूर ठेवणे, किंवा घरातील सुनेवर दोष ठेवणे, हे सर्व अज्ञानाचे परिणाम होत. सदोष जनुक आईकडूनही येते आणि वडिलांकडूनही. मूल रोगी जन्मले, तर ते दोघांकडून आलेले असते. म्हणून एकट्या आईस बोल लावण्यास शास्त्रात कोणताही आधार नाही.

विवाहापूर्वी दोघांची तपासणी झाली, तर हिशेब स्पष्ट करता येतो. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर कोणतेही अपत्य रोगी होणार नाही. प्रत्येक अपत्य वाहक असण्याचा संभव मात्र निम्मा असतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि सर्वस्वी निर्दोष असण्याचा चारांत एक असा असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप असतील असे नव्हे. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. हा हिशेब समजून घेऊन निर्णय करणे हा त्या दोघांचा अधिकार आहे.

रसमड्याच्या त्या मुलाचा थेंब अशा रीतीने चार टप्पे पार करून जातो. जाड व पातळ लेपात हिवतापाचा शोध, रंगीत लेपात पेशींच्या आकाराची पाहणी, प्राणवायू काढून घेतल्यावर पेशी वाकतात की नाही ही परीक्षा, आणि शेवटी इलेक्ट्रोफोरेसिसने निर्णय. मुलाच्या लेपात हिवतापाचा परजीवी सापडला, तरी तपासणी तेथे थांबवीत नाहीत, कारण एकाच शरीरात दोन्ही रोग असू शकतात. सिकलसेलचा निर्णय होकारार्थी आला, तर मुलाबरोबर आईवडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. भात कापणीच्या दिवसांत सगळे घर शेतावर असते. तरी त्यातला एक दिवस काढून आरोग्य केंद्रात सर्वांनी बोटावर सुई टोचून घेतली, तर त्या घरातील कोणाला उपचाराची गरज आहे, कोणाला केवळ माहितीची, आणि कोणाला दोहोंचीही नाही, हे कळून येते.